ठिणगीवरचा आळ

जुन्या मोटारगाडींतून खंडाळ्याचा घाट चढण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांस एक आवाज खचित परिचित असेल. गाडी चढणीला लागते, चालक वेग राखण्यासाठीं पाय अधिक दाबतो, आणि कोणी लहानशा हातोडीनें लोखंडावर आंतून ठोके मारावेत तसा नाद इंजिनाच्या पोटांतून ऐकूं येऊं लागतो. चढण संपली कीं तो आपोआप थांबतो. इंजिन खोलून पाहावें तर कोठेंही सैल झालेला भाग सांपडत नाहीं. हातोडीही नाहीं आणि ती मारणाराही नाहीं. इंग्रजींत या आवाजास 'नॉक' म्हणतात. आपण त्यास ठोका म्हणूं. हा ठोका उत्पन्न करण्याचा दोष कोणाचा, हा वाद विसाव्या शतकाच्या आरंभीं मोटारींच्या जगांत बरींच वर्षें चालला होता. त्याचें उत्तर सांपडलें तें बरोबर सांपडलें. परंतु त्या उत्तरावर जो उपाय योजिला गेला तो निस्तरावयास पुढें जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. या प्रकरणाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम यंत्राची थोडी ओळख करून घेऊं. पेट्रोलच्या इंजिनांत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचें मिश्रण सिलिंडरमध्यें ओढलें जातें. दट्ट्या वर येऊन तें मिश्रण लहानशा जागेंत दाबतो, नेमक्या क्षणीं विजेची ठिणगी पडते, मिश्रण पेटतें आणि तापलेला वायु दट्ट्यास खालीं ढकलतो. हें सारें एका मिनिटांत शेंकडों वेळां घडावयाचें असतें. आज ही गोष्ट आपण गृहीत धरून चालतों. पण मोटारीच्या जन्मकाळीं ठिणगी हीच सर्वांत मोठी अडचण होती. १८८५-८६ च्या सुमारास जर्मनींत गॉटलीब डायमलर आणि कार्ल बेंझ हे दोघे स्वतंत्रपणें आपापलीं वाहनें बनवीत होते. डायमलरनें ठिणगीचा नादच सोडला आणि बाहेरून ज्योतीनें लाल तापविलेली एक लहान नळी इंजिनाच्या डोक्यांत बसविली. बेंझनें बॅटरी आणि तारेचें वेटोळें यांच्या साहाय्यानें ठिणगी पाडली. सर्व प्रश्नांत अवघड प्रश्न तो हाच, असें त्याचें मत होतें. पुढें स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यांत गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरनें १९०२ सालीं उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडावयाचा स्पार्किंग प्लग तयार केला. मॅग्नेटो म्हणजे लोहचुंबकाच्या बळावर वीज उत्पन्न करणारें लहानसें यंत्र. इंजिन स्वतः फिरतें आणि स्वतःच्याच ठिणग्या निर्माण करतें. बॅटरी उतरण्याची भीति नाहीं. यामुळें चांगली गाडी म्हटली कीं तिला मॅग्नेटो असावयाचाच, अशी समजूत रूढ झाली. हेन्री फोर्डच्या १९०८ सालच्या 'टी' गाडींत तर सोळा चुंबक खुद्द चाकालाच जडविले होते, आणि चालकासमोरच्या पेटींतील चार वेटोळीं गाडी चालूं असतां मधमाश्यांप्रमाणें गुणगुणत असत.

या जुन्या गाड्यांत आणखी एक वस्तु असे, ती आजच्या गाडींत शोधून सांपडणार नाहीं. सुकाणूच्या चाकाखालीं दोन लहान दांडे असत. फोर्डच्या गाडींत उजवा दांडा पेट्रोलचा आणि डावा ठिणगीचा. ठिणगी केव्हां पडावी हें चालकानें या डाव्या दांड्यानें ठरवावयाचें. मिश्रण पेटलें तरी सगळें जळून जावयास थोडा अवधि लागतो. म्हणून दट्ट्या अगदीं वर पोंचण्याच्या किंचित् आधींच ठिणगी पाडावी लागते. वेग वाढला कीं ती आणखी आधीं पडली पाहिजे. इंजिन हॅण्डल मारून सुरू करतांना मात्र ती उशिरां पडावयास हवी. कोणी दांडा मागें घेण्यास विसरला तर दट्ट्या वर येण्यापूर्वींच स्फोट होई, इंजिन उलट फिरे, आणि हॅण्डल मारणाराच्या मनगटाचें हाड मोडे. त्या काळच्या डॉक्टरांस ही दुखापत चांगली ओळखीची झाली होती. म्हणजे ठिणगीची वेळ चुकल्याचें प्रायश्चित्त काय असतें हें प्रत्येक मोटारवाल्यास प्रत्यक्ष अनुभवानें किंवा निदान शेजाऱ्याच्या अनुभवानें ठाऊक होतें.

आतां ठोक्याकडे वळूं. चढणीवर ठोका सुरू झाला कीं चालक काय करी? तो डावा दांडा थोडा मागें घेई, म्हणजे ठिणगी उशिरां पाडी, आणि ठोका थांबे. हा अनुभव एकाचा नव्हे, लाखोंचा होता आणि तो खोटाही नव्हता. यावरून निष्कर्ष उघडच निघाला. ठिणगी मागें घेतल्यानें आवाज बंद होतो, त्याअर्थीं आवाज ठिणगीचाच. अनेकांनीं त्याला 'ठिणगीचा ठोका' असें नांवही दिलें, आणि एकदां नांव पडलें म्हणजे आरोप सिद्ध करण्याचे श्रम कोणी घेत नाहीं. कपाळावर पाण्याची पट्टी ठेवल्यानें ताप उतरतो, म्हणून ताप कपाळांतच होता असें कोणी वैद्य म्हणणार नाहीं. पण इंजिनाच्या बाबतींत शहाणीसुरतीं माणसें नेमकें हेंच म्हणत होतीं.

अशा वेळीं या कथेंत चार्ल्स केटरिंग हा माणूस आला. अमेरिकेंतील ओहायओ प्रांतांत डेटन नांवाचें शहर आहे. तेथें पैशाच्या गल्ल्याचीं यंत्रें बनविणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनींत हा विजेचा इंजिनिअर नोकरीस होता आणि गल्ल्याच्या यंत्रास त्यानें विजेची मोटर जोडून दाखविली होती. १९०९ सालीं एडवर्ड डीड्स या सहकाऱ्यासह त्यानें 'डेल्को' ही संस्था काढली. केटरिंगची कल्पना अशी कीं मॅग्नेटो पाहिजे कशाला? बॅटरींतूनच, पण काटकसरीनें, वीज घ्यावी. गुणगुणणाऱ्या वेटोळ्यांतून ठिणग्यांचा वर्षाव होतो त्याऐवजीं नेमक्या क्षणीं एकच सणसणीत ठिणगी पाडावी. ही योजना कॅडिलॅक कंपनीच्या १९१० सालच्या गाड्यांत आली, आणि १९१२ च्या गाड्यांत तिच्या जोडीला विजेचे दिवे आणि इंजिन सुरू करणारी विजेची मोटरही आली. हॅण्डल मारण्याची आपत्ति संपली. स्त्रियांनाही आतां कोणाच्या मदतीवांचून गाडी सुरू करतां येऊं लागली, आणि गिऱ्हाइकांच्या उड्या पडल्या.

आणि याच गाड्या ठोके मारूं लागल्या! चढणीवर, वेग वाढवितांना, बड्या किंमतीची कॅडिलॅक कुरकुरूं लागली. मॅग्नेटो विकणाऱ्यांस यापेक्षां अधिक काय हवें होतें? बॅटरीची ठिणगीच सदोष, तिनेंच इंजिनें ठोके मारतात, असा बोभाटा झाला. केटरिंगच्या धंद्याच्या मुळावरच घाव आला. बॅटरीची ठिणगी बदनाम झाली असती तर दिवे आणि विजेची मोटर यांची गोष्टही अवघड झाली असती, कारण तीं सर्व एकाच बॅटरीचीं लेंकरें.

त्या काळीं एकदम तीन गोष्टी बदलत होत्या, हें आज मागें वळून पाहतां स्पष्ट दिसतें. ठिणगीची पद्धत बदलली, ती सर्वांच्या डोळ्यांत भरली. दुसरें, नव्या इंजिनांत मिश्रण पूर्वींपेक्षां अधिक दाबलें जाऊं लागलें होतें, कारण जितकें अधिक दाबावें तितकी तेवढ्याच पेट्रोलांतून अधिक शक्ति मिळते. तिसरें, खुद्द पेट्रोल बदललें होतें. १९१० सालीं अमेरिकेंत मोटारगाड्या पांच लाखांच्या आंत होत्या. १९१६ पर्यंत त्या पस्तीस लाखांवर गेल्या. एवढ्यांची तहान भागवितांना तेल कंपन्या हलक्या पेट्रोलांत जड, रॉकेलच्या जातीचे अंश अधिकाधिक मिसळूं लागल्या. गाडीचा मालक इंजिनाचें झांकण उघडी तेव्हां त्याला नवी बॅटरी दिसे. टाकींतलें पेट्रोल कालच्यासारखेंच दिसे.

१९१६ सालीं केटरिंगनें हें काम टॉमस मिजली या सत्तावीस वर्षांच्या तरुणावर सोपविलें. मिजली कॉर्नेल विद्यापीठाचा यंत्रशास्त्राचा पदवीधर होता, रसायनशास्त्राचा नव्हे. ही गोष्ट पुढें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. संशोधनास तातडीचें कारण मोटारीचें नव्हतें. डेल्को कंपनी शेतकऱ्यांच्या घरांसाठीं वीज उत्पन्न करणारीं लहान इंजिनें विकूं लागली होती. आगीच्या भीतीनें तीं पेट्रोलऐवजीं रॉकेलवर चालवावीं लागत, आणि रॉकेलवर तीं असे ठोके मारीत कीं नळकांडीं फुटतात कीं काय असें वाटावें. येथें एक सूचक गोष्ट होती. इंजिन तेंच, ठिणगी तीच, तेल बदललें आणि ठोका वाढला.

मिजलीनें सिलिंडरच्या आंतील दाब प्रत्यक्ष पाहण्याची युक्ति केली. दाबाबरोबर हलणाऱ्या एका लहानशा आरशावर प्रकाशाचा किरण सोडावयाचा आणि परावर्तित किरणानें उमटणारी रेषा पाहावयाची. ठिणगी वेळेपूर्वीं पेट घेत असेल, किंवा एखादा तापलेला कोळसा मिश्रणास ठिणगीच्या आधींच पेटवीत असेल, तर दाबाची रेषा ठिणगीपूर्वींच वर उसळली पाहिजे. तसें दिसलें नाहीं. ठिणगी आपल्या वेळेवर पडत होती, दाब नेहमींप्रमाणें चढूं लागत होता, आणि मग, ठिणगी पडून गेल्यानंतर, ज्वलन अर्ध्याहून अधिक झालें असतां रेषा एकदम उभी वर जाऊन थरथरत होती. आरोपी घटनास्थळीं होता खरा, पण गुन्हा तो निघून गेल्यावर घडला होता.

इंग्लंडांतही हाच शोध स्वतंत्रपणें लागत होता. केंब्रिजचे प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन आणि त्यांचा शिष्य हॅरी रिकार्डो यांनीं अकालीं पेट घेणें आणि ठोका या दोन भिन्न व्याधि आहेत हें ओळखलें होतें. हा भेद जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांनीं आजही ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. किल्ली फिरवून ठिणगी बंद केली तरी इंजिन हिसके देत कांहीं वेळ चालूंच राहतें, असा चमत्कार जुन्या गाडींत पुष्कळांनीं पाहिला असेल. ती भुताटकी नव्हे आणि ठोकाही नव्हे. सिलिंडरमध्यें सांठलेली काजळी किंवा प्लगचें टोंक लाल तापून डायमलरच्या तापलेल्या नळीचें काम करीत असतें. ठोक्याची गोष्ट निराळी आहे. गवताच्या गंजीस एका टोंकाला आग लागली आहे आणि ज्वाळा क्रमाक्रमानें पुढें सरकत आहे अशी कल्पना करा. सिलिंडरांत ज्वाळा अशीच प्लगपासून पुढें जाते. पण तिच्यामागील तापलेला वायु फुगतो आणि दूरच्या कोपऱ्यांतील न जळलेल्या मिश्रणास दाबतो. दाबामुळें तें तापतें. तेल हलक्या प्रतीचें असेल तर ज्वाळा तेथपर्यंत पोंचण्यापूर्वींच तें उरलेलें मिश्रण सगळें एकदम आपोआप भडकतें. त्या धक्क्यानें सिलिंडरची भिंत घंटेसारखी वाजते, तोच ठोका. ठिणगी उशिरां पाडली तर दट्ट्या खालीं सरूं लागलेला असतो, दाब कमी राहतो आणि तो कोपरा वांचतो. लाखों चालकांचा अनुभव खरा ठरला तो अशा रीतीनें. १९३० नंतरच्या दशकांत जनरल मोटर्सच्या शास्त्रज्ञांनीं सिलिंडरच्या डोक्यावर क्वार्ट्झची खिडकी बसवून या ज्वाळेचीं अतिवेगवान् छायाचित्रें घेतलीं, तेव्हां हा कोपऱ्यांतील भडका डोळ्यांनीं पाहतां आला.

ठिणगी निर्दोष सुटली. केटरिंगची पद्धति पुढें साठ-सत्तर वर्षें जगांतील बहुतेक सर्व मोटारींत चालली. मुंबईंत कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनी गाड्यांच्या ठिणगीच्या डबींत जे 'पॉइंट' मिस्तरी लोक कानशीनें घांसून साफ करीत, ते याच पद्धतीचे. स्पेनमध्यें तर ठिणगी वांटणाऱ्या या भागास आजही सामान्य नाम म्हणून 'डेल्को'च म्हणतात.

निदान झालें, आतां औषध. येथें गोष्ट थोडी विनोदी वळण घेते. अमेरिकेच्या थंड प्रदेशांत एक रानवेल आहे. तिचीं पानें तांबूस असून ती बर्फ वितळण्याच्या आंतच फुलते. तांबड्या रंगामुळें ती उष्णता शोषून घेत असावी, असा केटरिंग आणि मिजली यांचा तर्क. मग रॉकेल तांबडें केलें तर तेंही उष्णता लवकर शोषून लवकर वाफ होईल आणि ठोका थांबेल! १९१६ च्या डिसेंबरांत एका शनिवारीं दुपारीं मिजली कोठींत तांबडा रंग मागावयास गेला. तेलांत विरघळणारा रंग तेथें नव्हता, आयोडिन होतें. त्यानें तेंच रॉकेलांत घातलें, आणि ठोका खरोखरच कमी झाला. पुढें त्यानें खरे तांबडे रंग आणून पाहिले. कशाचाही उपयोग झाला नाहीं. उलट आयोडिनचें रंगहीन संयुग घातलें तर ठोका थांबे. तांबड्या पानाचा तर्क पार चुकीचा होता, पण ठोका हा तेलाच्या रसायनाचा प्रश्न आहे एवढें त्या चुकीच्या वाटेनें कळून आलें. शास्त्राच्या इतिहासांत अशा वाटा पुष्कळ आहेत, आणि त्यांचें फार कौतुक करण्याची प्रथा आहे. मला मात्र मिजलीनें सोमवारीं रंग आणून स्वतःचाच तर्क खोडून पाहिला, ही गोष्ट अधिक मोलाची वाटते.

आयोडिन महाग, शिवाय धातु खाणारें. १९१९ च्या जानेवारींत अॅनिलीन गुणकारी ठरलें, पण त्याची दुर्गंधि सहन होईना. सेलेनियम आणि टेल्युरियम यांचीं संयुगें त्याहून प्रभावी निघालीं, आणि त्यांचा लसणीसारखा दर्प असा भयंकर कीं संशोधकांच्या कपड्यांतून आणि अंगांतून तो जातां जाईना. शेवटीं ९ डिसेंबर १९२१ या दिवशीं शिशाचें एक संयुग, टेट्राएथिल लेड, इंजिनांत घालण्यांत आलें. ठोका पूर्णपणें नाहींसा झाला. एका अमेरिकन गॅलनास सुमारें तीन घन सेंटिमीटर, म्हणजे चमचाभरही नव्हे, एवढें पुरे. २ फेब्रुवारी १९२३ रोजीं डेटनच्या एका पंपावर शिसेंमिश्रित पेट्रोलची पहिली विक्री झाली. त्याचें नांव ठेवलें 'एथिल'. शिशाचा उच्चार त्या नांवांत कोठेंही नव्हता.

शिसें विष आहे हें तेव्हां ठाऊक नव्हतें असें कोणीं समजूं नये. रोमन लोकांनाही तें ठाऊक होतें. मिजली स्वतः १९२३ च्या आरंभीं शिशाच्या बाधेनें आजारी पडून फ्लोरिडाच्या हवेंत विश्रांतीस गेला होता. अल्कोहोल मिसळल्यानेंही ठोका थांबतो हें या मंडळींस चांगलें माहीत होतें. पण अल्कोहोल पुष्कळ घालावें लागतें, आणि तें कोणाच्या एकाच्या मालकीचें होऊं शकत नाहीं. शिशाच्या संयुगाचें पेटंट हातीं होतें. १९२४ सालीं जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनीं मिळून एथिल कंपनी स्थापली.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत न्यू जर्सींतील बेवे येथील तेलशुद्धीच्या कारखान्यांत हें संयुग बनविणारे कामगार एकाएकीं भ्रमिष्ट झाले. कांहींना वेडाचे झटके आले, कांहींना बांधून ठेवावें लागलें. पांच जण मरण पावले आणि तिसांहून अधिक रुग्णालयांत गेले. दुसऱ्या एका कारखान्यांतील विभागास कामगार 'फुलपांखरांचें घर' म्हणत, कारण तेथें काम करणारा मनुष्य हवेंत नसलेलीं फुलपांखरें हातानें झटकूं लागे. हें संयुग तेलासारखें त्वचेंतून शिरतें आणि थेट मेंदूवर जातें. ३० ऑक्टोबर १९२४ ला मिजलीनें वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींसमोर तें हातावर चोळून आणि हुंगून दाखविलें, आणि भिण्याचें कारण नाहीं असें सांगितलें. ज्याला स्वतःला बाधा होऊन वर्ष-दोन वर्षें झालीं होतीं त्यानें हें करावें, याला धाडस म्हणावें कीं दुसरें कांहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

२० मे १९२५ रोजीं वॉशिंग्टन येथें सरकारी आरोग्यखात्यानें परिषद भरविली. उद्योगाच्या बाजूनें हें द्रव्य म्हणजे ईश्वरी देणगी आहे असें सांगण्यांत आलें. हार्वर्ड विद्यापीठाच्या डॉ. अॅलिस हॅमिल्टन आणि येलचे प्रा. यँडेल हेंडरसन यांनीं कडक विरोध केला. हेंडरसन यांचें म्हणणें असें कीं कारखान्यांतील मृत्यु हा खरा धोका नव्हेच. तो निदान दिसतो तरी. खरा धोका रस्त्यावरच्या धुळींतील शिशाचा आहे, तो इतक्या गुपचूप वाढेल कीं लोकांच्या ध्यानांत येईपर्यंत सगळें जग हेंच पेट्रोल वापरूं लागलेलें असेल. सरकारी समितीनें सुमारें अडीचशें माणसें तपासून १९२६ सालीं निर्णय दिला कीं बंदी घालण्यास सबळ कारण दिसत नाहीं, तथापि अभ्यास पुढें चालूं ठेवावा. अभ्यास चालूं राहिला, पण पुढील चार दशकें तो मुख्यत्वें उद्योगाच्याच पैशानें झाला. हेंडरसन यांचें भाकीत अक्षरशः खरें ठरावयाचें होतें.

या शिशानें ठिणगीचाही सूड घेतला, ही एक मौजेची गोष्ट. शिसें जळून त्याची राख स्पार्किंग प्लगवर आणि झडपांवर बसूं लागली आणि निर्दोष सुटलेली ठिणगी पुन्हां अडखळूं लागली. तेव्हां ती राख धुरांड्यावाटे बाहेर उडून जावी म्हणून पेट्रोलांत ब्रोमिनचें संयुगही मिसळण्यांत आलें. त्यासाठीं इतकें ब्रोमिन लागूं लागलें कीं १९३४ पासून तें समुद्राच्या पाण्यांतून काढण्याचा कारखाना नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर सुरू झाला. इंजिन स्वच्छ राहिलें. राख रस्त्यावर गेली.

शिशापासून लाभ झाला नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. इंजिनांतील दाब वाढवितां आला, लहान इंजिनांतून मोठी शक्ति मिळाली, आणि दुसऱ्या महायुद्धांत विमानांना जें शंभर ऑक्टेनचें पेट्रोल मिळालें त्यांत शिशाचा मोठा वांटा होता. ऑक्टेनचें माप हेंही याच शोधांतून, १९२६-२७ च्या सुमारास निघालें. त्यांतील शून्याची खूण असलेलें हेप्टेन हें द्रव्य कॅलिफोर्नियाकडील एका जातीच्या पाइन वृक्षाच्या चिकांतून मिळवीत असत.

पुढील शोध भलत्याच दिशेनें लागला. क्लेअर पॅटर्सन हा भूरसायनशास्त्रज्ञ शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचें वय मोजीत होता. तें सुमारें साडेचार अब्ज वर्षें आहे असें त्यानें सिद्ध केलें. पण हें माप घेतांना त्याच्या प्रयोगशाळेंत जिकडेतिकडे परकें शिसें शिरे. धुळींत, पाण्यांत, माणसाच्या केसांत शिसें. तें कोठून येतें याचा मागोवा घेत तो समुद्राच्या पाण्यापर्यंत आणि ग्रीनलंडच्या बर्फापर्यंत गेला. १९६५ सालीं त्यानें जाहीर केलें कीं आज माणसाच्या शरीरांत जें शिसें 'स्वाभाविक' समजलें जातें तें मुळींच स्वाभाविक नाहीं. १९७९ सालीं डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनीं बॉस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दांत गोळा करून दाखविलें कीं ज्यांच्या दांतांत शिसें अधिक त्यांची बुद्धि आणि अवधान कमी. ही मुलें कोणत्याही कारखान्यांत गेलीं नव्हतीं.

तरीही अमेरिकेंत शिशाच्या उच्चाटनास प्रारंभ झाला तो मुलांच्या दांतांमुळें नव्हे. १९७५ पासून गाड्यांच्या धुरांड्यांत धूर शुद्ध करणारें उपकरण बसवावें लागलें, आणि शिशानें तें उपकरण निकामी होई! तेथें रस्त्यावरच्या गाड्यांसाठीं पूर्ण बंदी १९९६ च्या जानेवारींत आली. भारतांत १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत बिनशिशाचें पेट्रोल मिळूं लागलें, आणि १ फेब्रुवारी २००० पासून सर्व देशांत तेंच विकूं लागले. म्हणजे आपल्यापैकीं जे तत्पूर्वीं दादर, गिरगांव, पुण्याचा लक्ष्मी रस्ता अशा ठिकाणीं लहानाचे मोठे झाले, त्यांच्या श्वासांत डेटनच्या त्या प्रयोगाचा कांहीं अंश गेलेला आहे. सर्वांत शेवटीं अल्जीरियानें जुलै २०२१ मध्यें ही विक्री थांबविली. लहान विमानांच्या पेट्रोलांत शिसें अद्यापिही आहे.

शिसें गेल्यावर ठोका परत आला नाहीं काय? येऊं पाहतो. पण तेलशुद्धीच्या पद्धती सुधारल्या आहेत, आणि १९७८ सालच्या कांहीं ब्यूइक गाड्यांपासून इंजिनाच्या अंगाला एक लहानसा कान लावण्याची सोय झाली आहे. सिलिंडर ठोक्यानें कांपूं लागला कीं तो कान ऐकतो आणि ठिणगी क्षणभर उशिरां पाडण्याची आज्ञा जाते. फोर्डच्या गाडींतील चालक डाव्या दांड्यानें जें करी तेंच हें, फक्त सेकंदाच्या अल्पांशांत आणि चालकाच्या नकळत. आणि अल्कोहोलही परत आलें आहे. २०२५ सालीं भारतांतील पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळण्यापर्यंत मजल गेली. त्यांतील बराच भाग साखर कारखान्यांतून येतो, आणि कोल्हापूर, सांगली, नगर या भागांतील ऊस त्यांत सामील आहे. इथेनॉलनें ठोका दबतो. फोर्डच्या टी गाडीसारख्या जुन्या इंजिनांत मिश्रण फार थोडें, सुमारें चौपट, दाबलें जाई. त्यांना हा गुण फारसा उपयोगाचा नाहीं. त्यांच्या मालकांनीं मात्र पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर एकदां तपासून घ्यावे; अल्कोहोलनें तें जुनें रबर फुगून चिरतें, आणि मग गाडी वाटेंत बंद पडली म्हणजे पहिला संशय पुन्हां ठिणगीवरच जातो.